पातळ तेल

दोरीनं ओढत आणलेली पिकअप दारात थांबली, तेव्हा अप्पांच्या मुलानं आधी घराच्या खिडकीकडे पाहिलं. अप्पा चार दिवस तापानं पडून होते, पण कान शाबूत होते. आपली गाडी आपल्या आवाजानं आली नाही, हे त्यांना पडल्या पडल्या कळलं असणार.

ओढून आणणाऱ्या ट्रकवाल्यानं दोरी सोडली. "इंजिन जाम झालंय. आत तेलाचा टिपूस नाही. सव्वीस वर्षं चालली म्हणता, मग अजून काय हवं?"

निघताना मुलानं इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिलीच नव्हती. शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच बजावायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! अप्पा साधे सुतार, पण रोज पट्टी काढणार, पुसणार, तेल बोटावर चोळून बघणार आणि मगच किल्ली फिरवणार. "अप्पा, गाडी आहे ती, पेशंट नाही," म्हणून तो हसायचा.

तीन महिन्यांपूर्वी सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं जुनं काळं तेल नाक मुरडत काढून टाकलं आणि नवं, महागडं, पातळ तेल भरलं.

"अरे, जुन्या इंजिनाला जाडच बरं," अप्पा म्हणाले होते. "पातळ तेल झिजलेल्या सांध्यांतून वाट काढतं."

पण शहाण्या लेकापुढे बापाचं काय चालतंय! पुढे प्रत्येक फोनवर तो विचारायचा, "कशी चालतेय?" अप्पा म्हणायचे, "लोण्यासारखी." हे तो कामावर चारचौघांत सांगायचा.

अप्पांना ताप आल्याचं कळलं म्हणून काल तो धावत आला होता. आज सकाळी ते झोपेत असतानाच, गिऱ्हाइकाचं कपाट पोचवायला मोठ्या तोऱ्यात निघाला. कपाट आता अर्ध्या वाटेवर एका दुकानाच्या ओट्यावर उभं होतं, आणि अप्पांची रोजीरोटी दारात मरून पडली होती.

आत जाईपर्यंत त्यानं वाक्य जुळवलं. बापाशी खोटं बोलायची त्याला लाज वाटत होती, पण खरं बोलायला छाती लागते. ती त्याच्याकडे नव्हती.

"अप्पा, इंजिनच थकलं होतं. आज ना उद्या जाणारच होतं. कोणाचाच दोष नाही."

अप्पा भिंतीला टेकून उठून बसले.

"दोष माझा आहे," ते म्हणाले. "काल रात्रीच तुला सांगणार होतो, पण तापात डोळा लागला. निघण्याआधी तिच्यात पाव लिटर तेल ओतावं लागतं. उभ्या उभ्याही गळतं बघ, आणि चार दिवस मी ओतलंच नाही."

"रोज?" मुलगा त्यांच्याजवळ टेकला. "कधीपासून?"

अप्पांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"तू एवढ्या हौसेनं तेल बदललंस ना रे, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."