कोरफडीची कुंडी

पडद्यावरची बाई विशीतल्या कुंदाच्या आवाजात म्हणाली, "ताई, गोळ्या मी रोज घेते." एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्यांबद्दल बायकांशी कसं बोलायचं, हे समुपदेशक तिच्यासमोर बसून शिकत. बारा वर्षांपूर्वी कुंदाच्या आठवणी यंत्रात उतरवून ही पडद्यावरची बाई घडवली होती. आता त्याच प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायला पन्नाशीची कुंदा जिल्हा केंद्रात आली होती.

समोर समुपदेशक अंजुम बसली होती. परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण होते, आणि तिच्या देखरेखीखालच्या मंगलला गेल्या आठवड्यात लागण झाली होती.

"दर महिन्याला घरी जाऊन डबीतल्या गोळ्या मोजल्या, ताई. एकही जास्तीची उरलेली नसायची. मग माझं कुठं चुकलं?"

"तिच्या दारात एखादी कुंडी आहे?"

"कोरफडीची आहे. का?"

तरुणपणी कुंदाही सासूच्या धाकाने गोळ्या चुकवायची आणि गोळ्या मोजणाऱ्या ताई यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या कुंडीत पुरायची. तिला लागण झाली नाही, हे निव्वळ नशीब. आठवणी उतरवताना मात्र लाजेपोटी तिने तेवढं गाळायला लावलं होतं. त्यामुळे यंत्रातली कुंदा खरंच रोज गोळ्या घेत होती, आणि चारशे समुपदेशक तिच्यावर विश्वास ठेवायला शिकल्या होत्या.

फॉर्मवर 'समुपदेशकाची चूक' असा रकाना होता. कुंदाने पेन खाली ठेवलं.

"मंगलकडे मलाही ने," ती म्हणाली. "माझ्या कुंडीत काय पुरलं होतं, ते तुम्हा दोघींना एकदमच सांगते."