मूठभर कोंडा

"शाल माझ्या नाही, आईच्या खांद्यावर घाला. नाहीतर मी येत नाही," डॉ. कोंडीबा तळेकर म्हणाला, आणि सत्कार समितीचे चनबसप्पा चहाची कपबशी हातात धरून बघतच राहिले.

ताऱ्यांच्या पोटात आग कशी पेटते ते साऱ्या जगाला समजावणारा, परदेशातलं मोठं बक्षीस घेऊन सोलापुरात परतलेला माणूस. त्याला नाही कोण म्हणणार? चनबसप्पांनी मान डोलावली.

अडून बसली ती आईच.

"मला कशाला वर बशिवतोस?" गोजरबाई म्हणाली. "मी हितंच बरी की."

"तुझ्यावाचून मी कोण गं? तुझा मान झाल्याशिवाय मला ते बक्षीस गोड लागायचं नाही."

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "येते. पर सोनाबाईला बोलवू नगंस."

कोंडीबाला हसू आलं. सोनाबाईला बोलवायचं त्याच्या मनातही नव्हतं.

सोनाबाई म्हणजे चाळीतली शेजारीण. केम गावातून गोजरबाई पोराला घेऊन पोट भरायला सोलापुरात आली, तिच्या पाठोपाठ त्याच गावची हीही आली. दोघी एकाच गिरणीत सूत गुंडाळायला जात. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असं चाळ तिला चिडवायची, तरी ती कधी भांडली नाही. पण कोंडीबाशी तिचं काय वाकडं होतं, देव जाणे. तिनं त्याला कधी मांडीवर घेतलं नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही. त्याला विषमज्वर झाला तेव्हा सगळी चाळ आत येऊन बघून गेली. ही उंबऱ्याबाहेर बसून राहिली, पाऊल आत टाकलं नाही. मॅट्रिकला पहिला आला म्हणून तो पाया पडायला वाकला, तर तिनं विस्तवावर पडल्यासारखे पाय मागं घेतले.

"लांबूनच. हात लावू नगंस मला," ती म्हणाली होती.

चौदा-पंधरा वर्षांचं पोर ते. त्या दिवशी मनातून पार उतरली ती त्याच्या.

आज सकाळी मात्र नवल झालं. तो दारात दाढी करत होता, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. त्याच्या डोक्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तुजं क्यास पिकाय लागलं व्हय रं?"

"वय झालं, मावशी."

"बरं झालं," असं म्हणून ती निघून गेली. असलं कौतुक करायची पद्धत कोंडीबानं सातासमुद्रापारही पाहिली नव्हती.

संध्याकाळी शाळेचा हॉल खच्चून भरला. गोजरबाईच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या. म्हातारी खाली मान घालून बसली होती. कोंडीबा बोलायला उभा राहिला.

"गिरणीत फेकून दिलेले सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन आई कमरेला खोचून आणायची. ते उलगडून त्यांवर मी गणितं करायचो. स्वतः चटणी-भाकरीवर राहून तिनं मला पुण्याला धाडलं. पण तिचा सगळ्यात मोठा उपकार माझ्या नावात आहे."

लोक सावरून बसले.

"मूल जगत नसलं की आपल्याकडे काय करतात, ते थोरांना ठाऊक आहे. माझ्या आधीची तीन भावंडं गेली. मी जन्मलो तसं आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. दुसऱ्या बाईनं उचललं. सटवाईला वाटावं, हे पोर आता हिचं नाही. मग आईनं त्या बाईला मूठभर कोंडा देऊन मला विकत घेतलं, म्हणून मी कोंडीबा. भौतिकशास्त्र याला योगायोग म्हणेल. पण ज्याची खरेदीची किंमत पक्की ठाऊक आहे, असा शास्त्रज्ञ मी एकटाच असेन!"

हॉल हसून लोटपोट झाला. चनबसप्पांनी म्हणही जोडून दिली, "उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते म्हणतात, हे खोटं नव्हं!"

गोजरबाई तेवढी हसली नाही.

हशा ओसरतो तोच मागच्या बाजूला गडबड उडाली. सोनाबाई गर्दीतून वाट काढत पुढं येत होती. पदराची गाठ मुठीत घट्ट धरलेली. स्वयंसेवकानं तिला अडवलं.

"येऊ द्या त्यांना," कोंडीबा म्हणाला. "याच बाईनं मला उकिरड्यावरून उचललं होतं."

पुन्हा टाळ्या पडल्या. त्यालाही वाटलं, झालं गेलं विसरावं. त्यानं हात पुढं केला. "या मावशी. काय हवंय तुम्हाला?"

ती त्याच्याकडे न बघता सरळ गोजरबाईसमोर जाऊन उभी राहिली. गोजरबाईनं खांद्यावरची शाल काढून ओटीत घेतली.

"सोने, नगं," ती पुटपुटली. "हितं नगं. घरी बोलू."

सोनाबाईनं पदराची गाठ सोडली. आत होतं ते मुठीत घेतलं.

"तवा लई भ्याले हुते, गोजरे. आधीची तीन गेलती. म्हटलं, तुज्याकडनं परत घ्यायला जावं आन ह्योबी जायचा. म्हून कडंला बसून ऱ्हायले. शिवलेबी न्हाय त्याला."

कोंडीबाचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

"आता त्याच्या डोक्यात पांढरं आलंय. आता न्हाय त्यो जायाचा." तिनं मूठ उघडली आणि गोजरबाईच्या ओटीतल्या नव्या कोऱ्या शालीवर कोंडा रिकामा केला. "ह्यो घे तुजा कोंडा. आन माजं प्वार मला दे."