अळीचे दात

तांबोळींच्या दुकानातलं चौथं यंत्रही खोटंच बोललं. निर्मलाबाईंनी काचेवर अळीनं कुरतडलेलं वाळकं पान ठेवलं होतं. पडद्यावर ते हिरवंगार, अखंड उमटलं.

"भोकं कुठं गेली हो?"

"बाई, हल्ली सगळी यंत्रं आपणहून दुरुस्ती करतात. भोकं हवीत कुणाला?"

"मला." बाईंचा आवाज थकला होता. "ही अळी जगातून गेली, तांबोळी. तिच्या दातांची खूण या एका पानावर उरलीय, आणि पान तर हात लावला की चुरतंय."

तांबोळींनी माळ्यावरून एक अवजड, जुनाट स्कॅनर उतरवला. "हा बापडा अडाणी आहे. दिसेल तेवढंच सांगतो."

जात्यासारखा घरघरत उजेड काचेखालून सरकला. पान आलं, पिवळं आणि भोकाभोकांचं. कडेला ते धरलेलं बाईंचं बोटही आलं, सुरकुतलेलं, नखाशी चिरलेलं. गेली कित्येक वर्षं फोटोत त्यांचे हात विशीतल्या पोरीचेच येत होते.

"बोट आलंय मध्ये. खोडू?"

बाई स्टुलावर टेकल्या.

"राहू द्या. पान कुणी धरलं होतं, तेही कळू दे."