गुरुवारचं डायलिसिस

सुनेची किडनी गेली, ही बातमी अँजेलाबाईंनी दारोदार फिरून अख्ख्या गावठाणाला स्वतः सांगितली होती. त्यात कसली आलीय लाज? लाज वाटली ती डॉक्टरांनी सततच्या आजारपणाने खचलेल्या इलेनला मनाच्या उपचारांसाठी पाठवलं तेव्हा. "आपल्या घरात येडं कोणी नाय," असं सासूबाईंनी बजावलं. ठाण्यात कोणीतरी बघेल म्हणून काउन्सेलर डोंबिवलीची शोधली. दर गुरुवारी इलेन कुठे गेली असं कोणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "डायलिसिसला."

शेजारणी काही दूधखुळ्या नव्हत्या. डायलिसिसचे मंगळवार आणि शनिवार होतेच, आता गुरुवारही धरला, म्हणजे पोरीचं काही खरं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

त्या गुरुवारी इलेन काउन्सेलरकडे पोटभर रडली आणि कितीतरी महिन्यांनी मोकळी होऊन, भूक घेऊन घरी आली. दारात चपलांचा ढीग पडलेला. खिडकीतून दिसलं, शेजारणी मेणबत्त्या लावून रोझरीची प्रार्थना म्हणतायत, आणि त्यांनी बोलावलेले फादर मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचं पवित्र तेल घेऊन बसलेत.

अँजेलाबाईंनी तिला दंडाला धरून मागच्या दाराने आत ओढलं.

"आधी तोंडावरचं ते हसू पूस आणि आडवी हो," त्या कुजबुजल्या. "नायतर कुठे गेलेलीस ते सांगायला लागेल."