येते हं

सिंगापुरात हिवाळा फक्त आमच्या लॅबमधल्या थंड खोलीत असतो. तिथे काचेच्या पेटीत, ओल्या मातीखाली, माझे सॅलॅमँडर निजलेत. दिसायला पालीसारखे, पण बेडकांचे भाऊबंद. उकरून पाहिलं तर दगावतील, म्हणून नुसतं वरून बघत बसायचं. जिवंत आहेत की नाहीत या काळजीने माझा मात्र जीव जातो.

संध्याकाळी निघताना मी पेटीला सांगते, "येते हं." आईने लावलेली सवय. निघताना 'जाते' म्हणायचं नाही.

काल रुचिर दारात उभा होता. तोही पुण्याचा, माझ्याच लॅबमधला. "शिवांगी, मातीचा निरोप घेऊन झाला असेल तर चल ना. हॉकर सेंटरला जेवणाऱ्यांची गर्दी होईल."

"येते हं," मी पेटीला म्हणाले.

"ये," मातीतून उत्तर आलं.

मी गर्रकन वळले. रुचिरच्या तोंडात अख्खं केळं होतं. तो डोळे विस्फारून मानेनेच 'मी नाही' म्हणाला.

म्हणजे जिवंत होते! आम्ही वेड्यासारखे हसत सुटलो. पेटीवर वाकून मी इतकी हसले, की काचेवर वाफ धरली. ती बाहीने पुसली.

आतली माती हळूहळू बाजूला सरकत होती. मधोमध एक ओला, गुळगुळीत खळगा झाला. बरोबर माझ्या हाताएवढा, पाचही बोटांसकट.

या वेळी मी काहीच म्हटलं नव्हतं.

"ये," माती लाडाने म्हणाली.