यंदाचं सुतक

मरून चार दिवस झालेले सहदेवकाका सोसायटीच्या गेटपाशी रिक्षातून उतरले. एका हातात नारळांची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मार्तंडने त्यांना पाहिलं आणि तो झटकन आत सरकला.

"वाट लागली," तो बायकोला म्हणाला. "कुंदा, काका आले."

"कुठले काका?"

"यंदाचे."

सहदेवकाका काही खरे मेले नव्हते. त्यांना मार्तंडने मारलं होतं. बोरिवलीच्या या सोसायटीत दरवर्षी दहा दिवसांचा गणपती बसायचा आणि दरवर्षी बरोब्बर त्याच्या तोंडावर मार्तंडच्या भाऊबंदांपैकी कोणीतरी कोकणात मरायचं. घरात सुतक आलं की मांडवात जायचं नाही, आरतीला उभं राहायचं नाही, आणि मुख्य म्हणजे का आला नाहीत असं कोणी विचारतही नाही. चुलत आजोबा गेले, चार चुलत काका गेले. एक चुलत आजी तर दोनदा गेली, आणि सोसायटीचा सेक्रेटरी अंबादास दोन्ही वेळा तितक्याच मनापासून भेटायला आला. गावाला कळवायचं, रजा नाही. सोसायटीत सांगायचं, सुतक आहे. यमाची बोरिवली शाखा आपणच चालवतो, असं मार्तंड कुंदाला म्हणायचा. दोघंही हसायची. हसून झालं की आपापल्या कामाला लागायची.

या सगळ्याचं कारण त्यांची मुलगी, गार्गी. आता बारा वर्षांची. चार वर्षांची असताना त्यांनी तिला हौसेने मांडवात नेलं होतं. ताशा वाजायला लागला तशी ती कानांवर हात दाबून किंचाळली आणि जमिनीवर लोळली. पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली, देवासमोरच ओरडते म्हणजे बाधाच असणार. दुसरीचं मत पडलं की आईबापांनी वळण लावलं नाही. ऑटिझम हा शब्द डॉक्टरांनी नुकताच सांगितला होता, पण तो मार्तंडच्या घशातच राहिला. त्याने मुलीला उचललं, घरी आणलं आणि पुढच्या गणपतीत पहिला माणूस मारला. चुलत आजोबांना मारणं त्या मानाने सोपं गेलं. तेव्हापासून एरवीसुद्धा लिफ्ट रिकामी असेल तरच ते गार्गीला घेऊन आत शिरायचे.

यंदा मारायला माणसंच उरली नव्हती. सहदेवकाकांचा नंबर लागला, कारण ते अगदी सुरक्षित. गणपतीत कुठला मालवणी माणूस घर सोडून मुंबईला येईल? काकांचा गणपती दीड दिवसाचा असतो, हे मार्तंड साफ विसरला. त्यात अंबादासला भरून आलं. दरवर्षी तुमच्याकडचं माणूस जातं आणि सोसायटी काहीच करत नाही, असं म्हणत त्याने फोटो मागितला. मार्तंडनेही शहाण्यासारखा चांगल्यातला चांगला फोटो काढून दिला. आता तो लिफ्टशेजारच्या बोर्डावर होता, भावपूर्ण श्रद्धांजलीसकट.

बेल वाजली. दारात काका उभे होते आणि बोर्डावरचा तो कागद त्यांच्या हातात होता.

"फोटो बरो इलो हा," चपला काढत ते म्हणाले. "तुका रजा गावणा नाय, म्हणान चेडवाक बघूक मीच इलंय." आत डोकावत त्यांनी गार्गीकडे पाहिलं.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मार्तंडने सगळं सांगितलं, मांडवापासून बोर्डापर्यंत. आपल्याआधी कोण कोण गेलं, एवढंच काकांनी मध्ये विचारलं. म्हातारी दोनदा गेली हे कळल्यावर ते ठसका लागेपर्यंत हसले. मार्तंडही हसला. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात खाली आरती सुरू झाली. कोपऱ्यात बसलेली गार्गी उठली, खिडकीच्या ग्रिलला गाल लावून उभी राहिली आणि आरती म्हणायला लागली. शब्द न् शब्द बरोबर, फक्त सगळ्यांच्या किंचित मागून. इतकी वर्षं इथूनच ऐकून ती शिकली होती. मार्तंड सवयीने उठला. त्याने तिला हळूच मागे घेतलं आणि काच सरकवून लावली. सुतकाच्या घरातून आरती ऐकू जाणं बरं दिसत नाही. गार्गी काचेला गाल लावून म्हणतच राहिली.

काकांचं हसू थांबलं.

"माका मारलंस, तां रवांदे," ते म्हणाले. "पण जित्या चेडवाचा सुतक धरून बसलंस?"

मार्तंडला रडू आलं. आठ वर्षं लोकांसमोर मुलीची लाज वाटत होती, ती आज पहिल्यांदा स्वतःची वाटली. कुंदाने कपाटातून गार्गीचे आवाज अडवणारे मोठे हेडफोन काढले. ते तिने त्याच्या हातात दिले.

ते खाली उतरले तेव्हा मांडवात आरत्या चालूच होत्या. गार्गी मागे थांबलीच नाही. हेडफोन घालून, हात फडफडवत ती थेट पुढे गेली आणि सगळ्यांच्या मागून, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने आरती म्हणू लागली. पहिल्या रांगेने वळून पाहिलं. मार्तंड तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे सहदेवकाका टाळ्या वाजवत होते. त्यांना पाहून अंबादासची झांज हवेतच थांबली. आरती संपताच तो घाम पुसत मार्तंडजवळ आला.

"अहो, तुम्हाला सुतक आहे ना?" त्याने कुजबुजत विचारलं.

"ही माझी मुलगी, गार्गी. ऑटिस्टिक आहे," पहिल्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मार्तंड म्हणाला. "सुतक आज फिटलं."