तांब्यावरचा डाग

एकेक फोटो काढून चालवलेली मातीची चिमणी वर्गातल्या पडद्यावर स्टीलच्या तांब्याकडे सरकू लागली आणि केतकी खुर्चीत पुढे झुकली. तांब्यावर एक काळा डाग थरथरत होता. घरी फोटो काढताना आपलं प्रतिबिंब तांब्यात पडू नये म्हणून ती दरवेळी टेबलाखाली दडायची. मागच्या दाराचा विचार राहूनच गेला होता.

सरांनी फिल्म थांबवली. "दारात कोण आहे हे?"

त्या डागात, हातात चहाचा कप घेऊन, बाबा उभे होते. पोरगी कॉलेजात बाहुल्यांशी खेळते, असं चारचौघांत सांगणारे बाबा. चाळीस फोटोंत ते होते, म्हणजे अख्खी दुपार तिथे उभे.

"एवढं पुन्हा काढावं लागेल," सर म्हणाले. "नाहीतर मार्क जातील."

"जाऊ देत, सर. परत एकदा सुरुवातीपासून लावता का?"